लिटल मॉर्टन हॉल कसा पाहावा: लाकडी सांगाड्याच्या इंग्रजी वाड्याचा मार्गदर्शक

चेशर परगण्यातला लिटल मॉर्टन हॉल पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: हा अजून पडला कसा नाही? भिंती काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेल्या, वरचे मजले खालच्यांपेक्षा पुढे आलेले, सगळ्यात वर खिडक्यांची एक लांबच लांब रांग आणि छपराची रेघ अशी की ओळंबा धरायलाही धीर होऊ नये. बहुतेक लोक फोटो काढतात, चहा-केक घेतात आणि परततात. पण तास-दोन तास हाताशी असतील तर हा वाडा नीट क्रमाने बघता येतो, आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाच सापडतं. सूत्र एकच ठेवा. छपराचं वजन कुठल्या लाकडातून कुठे जातंय आणि शेवटी जमिनीला कसं मिळतंय, याचा माग सोडू नका. नक्षी त्यानंतर बघा.

जाण्याआधी एवढं डोक्यात ठेवा

वाडा काँगलटन गावापासून सात-साडेसात किलोमीटरवर, ए३४ रस्त्याला लागून आहे. मँचेस्टरहून स्टोक-ऑन-ट्रेंटकडे जाणाऱ्या गाडीने काँगलटन किंवा किड्सग्रोव्हला उतरून पुढे टॅक्सी करणं सोयीचं. मालकी ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. उघडण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर आधी खात्री करून घ्या. जिने अरुंद आणि जमीन उंचसखल, तेव्हा पायात सपाट बूट हवेत. छोटी दुर्बीण नेलीत तर छपराखालचं कोरीवकाम दिसेल. बॅटरी नेलीत तर कोपऱ्यातले सांधे.

तारखा थोड्याच आहेत, पण त्यांच्याशिवाय काही उलगडणार नाही. विल्यम मॉर्टनने १५०४ ते १५०८च्या सुमारास मुख्य दिवाणखाना बांधला आणि लगेच पूर्वेकडे वाढवला. त्याच्या मुलाने, त्याचंही नाव विल्यमच, १५४६च्या सुमारास पश्चिमेची स्वयंपाकाची बाजू नव्याने उभी केली आणि १५५९मध्ये चौकात दोन मोठ्या खिडक्या काढल्या. त्याचा मुलगा जॉन याने १५६० ते १५६२च्या आसपास दक्षिणेची बाजू बांधली: खाली देवडी, वर खोल्या आणि सगळ्यात वर लांब दालन. १६१०च्या सुमारास एक छोटं स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची जागा जोडली गेली, आणि बांधकाम थांबलं ते थांबलंच.

थांबलं यालाही कारण आहे. १६४०च्या दशकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवीत मॉर्टन राजाच्या बाजूने उभे राहिले आणि हरले. जमिनी जप्त झाल्या, परत मिळाल्या तोवर घर कर्जात बुडालं होतं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं वाडा बहुतेक काळ कुळांकडे भाड्याने होता. ज्यांच्याकडे पैसा होता त्या शेजाऱ्यांनी आपापले लाकडी वाडे पाडून विटांची, जॉर्जियन (अठराव्या शतकातल्या) धाटणीची घरं बांधली. मॉर्टनांना ते परवडलं नाही. माझ्या मते या वाड्याचा खरा तारणहार ही गरिबीच. १९३८मध्ये तो ट्रस्टकडे आला.

पायरी पहिली: खंदकाच्या अलीकडे थांबा

पूल ओलांडायची घाई करू नका. सुमारे १० मीटर रुंदीचा हा खंदक पाहून युद्धाचा विचार मनात येतो, पण १६व्या शतकातल्या जमीनदाराच्या घराला असा खंदक मुख्यतः प्रतिष्ठेसाठी असे. तोफेसमोर लाकूड आणि माती टिकणार ती किती?

इथून दक्षिणेची बाजू पुरती दिसते. नजर छपरापासून खाली आणा. छपरावर कौलं नाहीत, जाड दगडी फरशा आहेत. वाळूच्या खरबरीत दगडाच्या या लाद्या भयंकर जड असतात. त्यांच्या खाली खिडक्यांचा अखंड पट्टा आहे, म्हणजे जिथे भक्कम भिंत हवी तिथेच जवळजवळ सगळी काच. त्याच्या खाली पुढे आलेला मजला, त्याच्याही खाली आणखी एक, आणि तळाला दगडी जोतं.

आता गोम अशी की वरचं लांब दालन मूळ आराखड्यात बहुधा नव्हतंच. काम सुरू झाल्यावर ते सुचलं असावं. अशी दालनं तेव्हा श्रीमंत घरांत नुकती फॅशनमध्ये येत होती. दोन मजल्यांच्या हिशेबाने धरलेल्या सांगाड्यावर तिसरा मजला बसला, आणि त्याच्या डोक्यावर दगडी छप्पर. खालचे मजले त्या भाराने वाकले, फुगले, कलले. वाड्याचा वाकडेपणा ‘जुनं लाकूड म्हणून’ आहे असं सांगणारे भेटतील. त्यांना हे छप्पर दाखवा.

पायरी दुसरी: सांगाडा आणि भरणा वेगळा करा

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत सागवानी खांब-तुळया भार घेतात आणि मधल्या विटा-माती नुसता आडोसा करतात. इथेही तत्त्व तेच. फरक तळाशी आहे. आपला खांब दगडी उथळ्यावर एकेकटा उभा राहतो. इथे दगडी जोत्यावर आधी एक आडवी तुळई लांबवर टाकलेली असते आणि सगळे खांब तिच्यात रोवलेले असतात. ही तळतुळई ओली राहिली की पहिल्यांदा कुजते. म्हणून कुठलाही लाकडी वाडा बघताना आधी वाकून तिच्याकडे बघा: जोतं जमिनीपासून पुरेसं वर आहे का, लाकूड बदललेलं दिसतंय का.

तिथून वर चढा. उभे खांब. दोन मोठ्या खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घराची लांबी खणांतच मोजायची. खांबांच्या माथ्यावरून भिंतीच्या लांबीभर जाणारी तुळई वाशांचे पाय पेलते. समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडणारी आडवी तुळई त्या भिंती छपराच्या रेट्याने बाहेर फाकू देत नाही. कोपऱ्यांतले तिरपे टेकू चौकोनाला तिरका होऊ देत नाहीत. टेकू नसतील तर अख्खी चौकट वाऱ्याने रिकाम्या खोक्यासारखी एका अंगावर झुकेल.

मोठ्या खांबाचा वरचा भाग नीट पाहिलात तर तो बऱ्याचदा खालपेक्षा जाड आढळतो. सुतार झाडाचा बुंधा उलटा लावत, मुळाकडची रुंद बाजू वर. त्या रुंदीत लांबीची तुळई, आडवी तुळई आणि खांब अशा तिघांचा सांधा एका ठिकाणी बसवता येई. खोलीत कपाटांमागे किंवा तक्तपोशीमागे (भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे) हा भाग झाकलेला असतो, पण उघडा मिळाला तर तिथे पाच मिनिटं जरूर द्या.

पुढे आलेल्या मजल्यांचं काय? खालच्या भिंतीच्या बाहेर काढलेल्या कड्यांच्या, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांच्या, टोकांवर वरची भिंत उभी राहते. याची कारणं पुष्कळ दिली जातात: खालच्या भिंतीवर पाऊस येत नाही, खोली वाढते, टोकावरच्या भारामुळे कड्या मध्ये कमी लवतात. सगळ्यांत थोडं-थोडं तथ्य आहे. पण शेतांच्या मधोमध, जागेची टंचाई नसलेल्या घराने हे केलं ते मुख्यतः दिमाखासाठी, असं मला वाटतं. असं काम महाग होतं आणि ते महाग आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत होतं. मजला दोन लगतच्या बाजूंनी पुढे आलेला असेल तर कोपऱ्यात कड्यांची दिशा बदलावी लागते, आणि त्यासाठी आतून कोपऱ्याकडे एक जाडजूड तिरपी तुळई जाते. बाहेर तिचं टोक ज्या खांबावर टेकतं तो खांब बहुधा कोरलेला असतो.

पायरी तिसरी: एका सांध्याजवळ जा

खिळे शोधू नका, मूळ सांगाड्यात ते नाहीत. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच आणि दोघांतून आरपार ओकची खुंटी. खुंटीचं डोकं बोटाएवढं, ओबडधोबड कोनांचं, कधी पृष्ठभागापेक्षा जरा पुढे आलेलं. यातली युक्ती डोळ्यांना दिसत नाही. जिभेतलं भोक खाचेच्या भोकांशी मुद्दाम थोडंसं चुकवून पाडलेलं असतं. निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढताना जिभेला आत ओढते आणि सांधा आवळला जातो.

लाकूड ओलं, नुकतं तोडलेलं वापरत. ओक वाळल्यावर दगडासारखा होतो, हत्यार लागत नाही. आणि वाळायला इंचामागे एक वर्ष लागतं असा सुतारांचा ठोकताळा आहे, तेवढं कोण थांबणार! त्यामुळे घर उभं राहिल्यावर लाकूड जागच्या जागी आक्रसे, पिळे, फाटे. तुळयांवरच्या लांब उभ्या चिरा पाहून घाबरू नका. त्यातल्या बहुतेक चिरा घराच्या पहिल्या काही वर्षांतल्या, साडेचारशे-पाचशे वर्षं जुन्या आहेत. आक्रसण्याने सांधे सहसा आणखी घट्ट होतात.

सांध्यापाशी कोरलेल्या सरळ रेघांच्या खुणाही शोधा. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवत, प्रत्येक सांध्याला रोमन आकडा कोरत, मग सुटा करून जागेवर उभा करत. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाचाच्या खुणेपुढे चार. एकातून एक वजा करायची भानगड नको, कारण उलट्या बाजूने वाचलं तर गोंधळ होईल. आणि एखाद्या तुळईच्या बाजूला रिकामी खाच दिसली, तर तिथे कधीकाळी दुसरं लाकूड होतं. एखादी भिंत किंवा माळा काढला गेलाय. अशा खाचा ओळीने सापडल्या तर हरवलेली भिंत मनात उभी करता येते.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज मोडून टाकू. इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक लाकडी घराबद्दल ‘या तुळया जुन्या जहाजाच्या’ असं अभिमानाने सांगतात. समुद्रापासून लांब असलेल्या चेशरच्या शेतात कुणी कशाला जहाज फोडून आणेल, शेजारी ओक उभे असताना? जहाजांचं लाकूड खरोखर वापरलेली इमारत बघायची तर लंडनला लिबर्टीचं दुकान बघा. त्याला एचएमएस इम्प्रेग्नेबल आणि एचएमएस हिंदुस्तान या दोन नौकांचं लाकूड लागलंय. पण ते बांधलंय १९२४मध्ये.

पायरी चौथी: भरणा आणि रंग

चौकटींमधल्या जागा मूळच्या कुडाच्या. उभ्या काटक्या, त्यांत विणलेल्या आडव्या फोका, वर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि कापलेल्या पेंढ्याचा लेप, शेवटी चुना. कोकणात कुडाचं घर पाहिलेल्या माणसाला यात नवं काही नाही.

नक्षीचा भाग हुशारीने बघा. जवळजवळ रोवलेले उभे खांब, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पट्ट्या, चौकोनात कोरलेली चार पाकळ्यांची फुलं. यातलं बरंचसं लाकूड काहीही पेलत नाही. बोट ठेवून स्वतःला विचारा, हे काढलं तर घर पडेल का? फुलाच्या चौकोनाचं उत्तर ‘नाही’, कोपऱ्यातल्या टेकूचं ‘हो’. लाकडाची अशी उधळपट्टी म्हणजे मालकाच्या जंगलाची आणि थैलीची जाहिरात होती.

आणि तो प्रसिद्ध काळा-पांढरा रंग? तो मूळचा नव्हे. ही व्हिक्टोरियन काळातली, १९व्या शतकातली आवड. त्याआधी ओक तसाच उघडा ठेवत. ऊन-पावसाने तो रुपेरी राखाडी होई, आणि मधल्या भरण्याला पिवळसर मातकट रंग देत. एकदा डोळे मिटून वाडा त्या रंगांत कल्पून बघा, फारच सौम्य दिसतो. १९७७मध्ये दक्षिणेकडच्या छपराच्या लाद्या सैल झाल्याचं लक्षात आलं आणि टप्प्याटप्प्याने मोठी दुरुस्ती सुरू झाली. तेव्हा बदललेली लाकडं ट्रस्टने मुद्दाम न रंगवता ठेवली. म्हणून काळ्यात मध्येच राखाडी लाकूड दिसलं की ते विसाव्या शतकातलं ठिगळ समजा. नवं ते नवं दिसलं पाहिजे ही भूमिका मला पटते, फोटो जरा बिघडला तरी.

पायरी पाचवी: चौकात

देवडीतून आत आलात की दगडगोट्यांचा छोटा चौक. समोर उत्तरेची बाजू, तिच्यात कोरीव देवडीसारखं प्रवेशद्वार, आणि कोपऱ्यात त्या दोन मोठ्या, बहुकोनी, बाहेर आलेल्या खिडक्या. इतक्या शेजारी-शेजारी की त्यांची छपरं एकमेकींना भिडलीत. खिडक्यांवरच्या पट्टीत अक्षरं कोरलेली आहेत: देव सर्वांत सर्व आहे, या खिडक्या विल्यम मॉर्टनने १५५९ साली करवल्या, आणि रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने त्या घडवल्या. स्पेलिंग मनमोकळं आहे. त्या काळच्या इमारतींवर मालकाचं नाव नेहमीचंच, सुताराचं क्वचित. दुर्बीण इथे काढा.

काचांसाठीही थांबा. वाड्याच्या खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे सुमारे ३०,००० तुकडे आहेत: चौकोनी, शंकरपाळी, गोल, त्रिकोणी. काच महाग होती आणि मोठा तुकडा करता येत नव्हता, म्हणून ही जोडाजोड. बऱ्याच काचा १६व्या शतकातल्याच आहेत. थोडं तिरकं उभं राहिलात तर हिरवट, पिवळसर छटा आणि काचेतल्या लाटा दिसतात. काही काचांवर जुन्या लोकांनी ओरखडलेली अक्षरंही आहेत.

पायरी सहावी: दिवाणखाना

इंग्रजी वाड्याचा मूळ गाभा हाच. बाकी सगळं याच्या दोन टोकांना नंतर चिकटलं. दारातून शिरताच आपण खोलीच्या एका टोकाच्या बोळात येतो. हा बोळ मुख्य खोलीपासून लाकडी आडोशाने वेगळा केलेला असे, म्हणजे दार उघडलं की वारा थेट आत घुसू नये. इथला आडोसा आता नाही. तो कसा असेल हे लँकशरमधल्या रफर्ड ओल्ड हॉलला कळतं, तिथला अजून उभा आहे.

बोळाच्या एका बाजूला पेयांची कोठी, अन्नाची कोठी आणि स्वयंपाकघर. हे खोलीचं खालचं टोक. समोरचं वरचं टोक मालकाचं, आणि त्यापलीकडे कुटुंबाच्या खासगी खोल्या. आपण कुठल्या टोकाला बसतो यावर माणसाची पत ठरे. दिवाणखान्यात मोठी खिडकी नेहमी कुठल्या टोकाला असते ते आता तुम्हीच सांगाल.

मान वर करा. कमानदार टेकूंच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी) आणि त्यांवर कोरीवकाम. पूर्वी चूल खोलीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून निघून जाई, म्हणून छप्पर उंच आणि मोकळं. पुढे भिंतीतल्या चुली आणि धुराडी आली, उंचीची गरज संपली, आणि १५५९मध्ये विल्यमने मध्ये माळा घालून वर खोल्या काढल्या. तो माळा नंतर कधीतरी काढला गेला. खोली आज पुन्हा छपरापर्यंत उघडी आहे.

शेजारच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर बायबलमधल्या सुझानाच्या कथेची चित्रं आहेत, खाली महागड्या तक्तपोशीची रंगवलेली नक्कल. नंतरच्या काळातल्या लाकडी तक्तपोशीमागे ती झाकली गेली होती आणि १९७६मध्ये सापडली. पैशाअभावी रंगावर भागवायची वेळ पैसेवाल्यांवरही येत होती, हे बघून बरं वाटतं.

पायरी सातवी: लांब दालन, म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ

जिना चढून वर या आणि चालण्याआधी जमिनीवरून नजर फिरवा. फळ्यांना स्पष्ट चढ-उतार आहेत. मोबाइलमधलं पाणसळीचं अ‍ॅप लावून चार ठिकाणी ठेवून बघा, पोरांना हा खेळ फार आवडतो. दालन सुमारे २१ मीटर लांब, दोन्ही बाजूंनी खिडक्या, वर कमानदार टेकूंचं छप्पर. भिंती नाहीतच म्हटलं तरी चालेल. भार घ्यायला खिडक्यांमधले बारीक खांब तेवढे. वरच्या दगडी लाद्यांचा रेटा या खांबांना बाहेर ढकलतो. तो धरून ठेवायला नंतरच्या काळात आडव्या तुळया घालाव्या लागल्या. त्या शोधा. खंदकापलीकडून धरलेला वजनाचा माग इथे येऊन मिळतो.

पावसाळी हवेत हातपाय मोकळे करायला आणि खेळायला हे दालन वापरत. तक्तपोशीमागे १७व्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू सापडलेत. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर गिलाव्यात उठावाची चित्रं आहेत: एकीकडे नियती, जिची सूत्रं ज्ञानाच्या हाती, दुसरीकडे दैवाचं चाक, जे अज्ञान फिरवतं. रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रावरून ती घेतली आहेत. बरोबरीची खूण रूढ करणारा गणिती तो हाच.

उतरताना शौचकूपाचा मनोरा चुकवू नका. सोय सरळ होती, सगळं थेट खंदकात. खंदकाच्या काठी रम्य फोटो काढणाऱ्यांना हे आधी सांगावं की नंतर, ते तुम्ही ठरवा.

इतरत्र वापरताना

हीच पद्धत लिव्हरपूलजवळच्या स्पीक हॉलला आणि स्टॉकपोर्टजवळच्या ब्रॅमल हॉलला लागू पडते. क्रम बदलू नका: छप्पर, खांब, तळतुळई, सांधे, भरणा, मग खोल्या. वय नेमकं हवं असेल तर डोळ्यांचा उपयोग संपतो. तिथे झाडाच्या वर्षकड्या मोजतात. तुळईत सालीपर्यंतचं शेवटचं कडं शिल्लक असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं, इतकंच काय कुठल्या ऋतूत, हेही कळू शकतं. ओक ओलाच वापरत असल्याने बांधकाम त्यानंतर लगेचचं धरतात.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि असं घर विकत घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खऱ्या लाकडी सांगाड्याला सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा बंद करणारा रंग लावलेला दिसला तर जरा थांबा. आत गेलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि ओक आतून कुजतो. चुन्याचा गिलावा पाणी घेतो तसं सोडतोही, म्हणून दुरुस्ती चुन्यातच करतात. घर संरक्षित यादीत असेल तर खिडकीला हात लावायलाही परवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या.

दुसरं, घर खरोखर लाकडी सांगाड्याचं आहे का ते तपासा. १९२०-३०च्या दशकांत उपनगरांत विटांच्या भिंतींवर काळ्या फळ्या ठोकून ‘ट्यूडर’ (म्हणजे १६व्या शतकातल्यासारखी दिसणारी) घरं रांगेने उभी राहिली. ओळखायला सोपं आहे. बाहेरच्या फळीसमोर आतल्या भिंतीत खांब आहे का बघा. खुंट्यांची डोकी आहेत की खिळ्यांची, ते बघा. फळी अगदी सरळ, एकसारख्या रुंदीची आणि कडा धारदार असतील तर ती कारखान्यातून आलेली आहे. आणि दलाल ‘जहाजाचं लाकूड’ म्हणाला, तर जहाजाचं नाव विचारा.